कडक भाकरीच्या पाकिटावरचा शब्द

मंगळवार, दिवेलागणीनंतर

सापडला एकदाचा शब्द! झोप कसली येतेय आता.

माझ्या कडक भाकऱ्या पहिल्यांदाच बंगळूरला जाणार, म्हणून पाकिटावर इंग्रजी ओळ हवी. मागे पुण्याच्या एका बाईंनी भाकरी पाणी मारून गरम केली आणि चिवट झाली म्हणून फोनवर भांडल्या. म्हणून लिहिलं, ‘डोन्ट हीट. जस्ट...’ आणि पुढचा शब्दच अडला. ईट? मोघम. क्रश? औषधाची गोळी आहे का ती?

हे म्हणाले, "एन्जॉय टाक की. सगळेच टाकतात."

पण एन्जॉय वाचून करायचं काय, ते कुठं कळतं? जेवतानाच जुंपली आमची. "अगं, लई चांगला शब्द हाय!" म्हणत ह्यांनी ताटातल्या भाकरीवर मूठ आपटली. कडाड! तुकडे आमटीत.

मी ओरडलेच, "ब्रेक!"

"गिऱ्हाइकाला मोडा म्हणून सांगतात व्हय?"

"मग तुमी आत्ता काय केलं?"

ह्यांनी आमटीतला एक तुकडा उचलून तोंडात टाकला. मग हसत म्हणाले, "लिही."

उद्या छापायला देते. बंगळूरची कुणी बाई ते वाचून मूठ उगारेल, आणि कडाड! मला इथं ऐकू येईल बहुतेक.