तीन वेळा जेवते

४ मार्च, मंगळवार

आज सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरना खोटं सांगितलं.

'किती वेळा जेवतेस?' 'तीन वेळा.' इतकं सटकन निघालं तोंडातून की क्षणभर माझंच पोट भरल्यासारखं वाटलं.

खरं म्हणजे एकदा. संध्याकाळी. पाव, आणि पावासोबत जे काही मिळेल ते. नाहीतर पावासोबत पाव. पगार पंधरवड्यानं होतो, अर्धा खोलीला जातो, आणि दुसऱ्या आठवड्यात मी पाण्यावर आणि बडबडीवर जगते. इथलं औषध तरी फुकट आहे. जेवण कुठल्या खिडकीवर मिळतं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

बोटातून थेंब काढला. तीनशे चाळीस. सिस्टरनी चष्मा कपाळावर चढवला. 'तीन वेळा जेवतेस, इन्सुलिनच्या दोन्ही सुया घेतेस, तरी एवढी साखर? म्हणजे डोसच पुरत नाहीये.' सकाळच्या चौदा युनिट्सच्या अठरा केल्या. वर डोळ्यांचं, किडनीचं, पायाच्या बोटांचं असं काही ऐकवलं की बाकावरचे दोघेतिघे आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

सांगायला हवं होतं — सकाळी पोटात टाकायला काही नसतं म्हणून सकाळची सुई मी निम्मीच घेते. कधी घेतच नाही. सुई घेतली आणि खायला नसलं की साखर धाडकन खाली येते, आणि साखरेबरोबर मीही. आकाशपाळण्याच्या नोकरीत असंच झालं होतं. तो पाळणा मात्र भारी होता. सगळ्यात वर गेलं की शेजारच्या गावातली तळी दिसायची. त्या तळ्यांसाठीच पुढे त्या गावाला गेले, आणि जवळून बघितलं तर पावसाच्या पाण्यानं भरलेल्या चुन्याच्या खाणी. आई म्हणायची, तुझ्या पायाला भिंगरी आहे. असो. कुठून कुठे गेले.

का नाही सांगितलं? साखर जास्त आहे हे सांगायला लाज नाही वाटत. भूक लागते हे सांगायला वाटते. बाविसाव्या वर्षी, दोन हात धड असताना.

६ मार्च

अठरा घ्यायच्या की नाही? डोळ्यांची भीती बसलीय. दोन दिवस दहा-दहा घेतल्या.

७ मार्च, शुक्रवार

हॉटेलच्या तळघरात आमचा धुलाईखाना. वरच्या मजल्यांवरून चादरी पत्र्याच्या मोठ्या नळकांड्यातून धपाधप खाली येतात. मी त्या झटकायच्या, ट्रॉलीत भरायच्या. झटकल्या की लोकांचं काय काय पडतं. आज एक मोजा, कानातलं, आणि एका अभ्र्यात बिस्किटांचा पुडा, तीन उरलेली. कानातलं काउंटरवर दिलं. बिस्किटं दिली नाहीत.

वरच्या स्वयंपाकघरातलं उरलेलं आम्हाला घेता येत नाही. ते डुकरांच्या ठेकेदाराला जातं. डुकरांचा लेखी करार आहे म्हणे.

१० मार्च, सोमवार

सकाळी अठरा घेतल्या. पूर्ण. म्हटलं, एकदा शहाण्यासारखं वागून बघू. कालचा अर्धा पाव होता, तो खाल्ला.

अकराच्या सुमाराला हात लटलटायला लागले. चादरीची घडी पडेना. घाम, पण गार. वाटलं, दोन मिनिटं टेकू. टेकले ती ट्रॉलीतच, मळक्या चादरींवर. वरून आणखी चादरी येऊन पडल्या. त्या मऊ होत्या एवढं आठवतं.

मग तोंडात साखर. कोणीतरी माझ्या हिरड्यांवर चोळत होतं आणि शिव्या देत होतं. वाफमावशी! ती वाफेच्या इस्त्रीवर असते आणि तिचं डोकंही तसंच, म्हणून सगळे तिला वाफमावशी म्हणतात. ट्रॉली मशीनकडे ढकलताना जड का लागतेय म्हणून तिनं चादर उचलली, तर खाली मी. 'मला वाटलं राणीसाहेब झोपल्यात. लाथ घालणार होते. मग घाम बघितला.'

तिला लगेच कसं कळलं, विचारायचं राहिलं.

'काय खाल्लंस सकाळी?'
'अर्धा पाव.'
'आणि सुई?'
'अठरा.'
मावशीनं उरलेली साखर माझ्या मुठीत कोंबली.

११ मार्च

सिस्टरना सगळं सांगितलं. एकदाच जेवते, निम्मी सुई घेते, काल काय झालं, सगळं. वाटलं, रागावतील. रागावल्याच. पण मग पेन खाली ठेवलं. 'मीही नीट विचारत नाही बघ. किती वेळा जेवता म्हटलं की सगळेच तीन म्हणतात. कोण सांगेल?'

डोस उतरवला. नियम एकच दिला — ताट डोळ्यांना दिसल्याशिवाय सुई टोचायची नाही. आणि ज्या दिवशी ताटच नसेल, त्या दिवशी लपून बसायचं नाही, इथे यायचं. सगळे म्हणतात आधी पोटोबा. माझ्याकडे आजवर आधी सुईबाई होती.

१३ मार्च

दुपारी मावशीनं तिचा डबा माझ्यापुढे सरकवला. 'घे. मला जात नाही.'
'अख्खा?'
'सकाळी घरून हाणून येते मी. तोंड बंद कर आणि खा.'
'तोंड बंद करून कसं खाऊ?'
'चावटपणा बरा सुचतो!'

१७ मार्च

रोज डबा. रोज 'मला जात नाही.' सकाळची साखर एकशे साठ. कित्येक महिन्यांनी एका ठिकाणी राहावंसं वाटतंय. इथला कालवा अजून पुरता बघायचा राहिलाय, हेही एक कारण. पण पहिलं कारण डबा.

२५ मार्च, मंगळवार

मावशी दवाखान्यात सोबत आली. मला वाटलं, माझ्यावर लक्ष ठेवायला. माझं झाल्यावर तिनं पिशवीतून स्वतःचं साखरेचं कार्ड काढलं, कोपरे झिजून गोल झालेलं. सिस्टर आता वेगळंच विचारतात. 'आज दुपारी काय जेवलात?'

'भात, घेवडा आणि एक उकडलेलं अंडं,' मावशी म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

बरोबर सांगितलं. भात, घेवडा, अंडं. मीच खाल्लं होतं.