जावयानं ठेवायला दिलेली खोकी

६ ऑगस्ट, बुध.
पाय बरा. मेंढरं वळवताना बांधावरून पडले तेव्हापासून मांडीत सळई हाय, पण गोळी घेतली की चालता येतं. गोळी चौसाळ्याहून, जावईबापूंच्या मेडिकलमधून. डॉक्टरची चिठ्ठी कधी लागली न्हाई. "साधी दुखण्याची गोळी हाय मामी, बीपीच्या गोळीसारखी रोज घ्यायची."
आज स्वतः मोटारसायकलवर आले, दोन खोकी घेऊन. म्हणाले, सरकारनं ह्या गोळीचा वर्ग बदललाय, नशेच्या औषधांत घातली. पुढं मिळायची न्हाई, तुमच्यासाठी काढून ठेवल्या. कणगीमागं ठेवा.
पिठलं-भाकरी खाऊन गेले. पोटचा लेक एवढं करत न्हाई.

९ ऑगस्ट, शनि.
ह्यांनी खोकं उघडून बघितलं. "अगं, एवढ्या गोळ्यांत आपल्या सगळ्या लिंबागणेश गावाचे गुडघे दुखायचे थांबतील. तुला एकटीला कशाला एवढ्या?"
मला राग आला. तुम्हाला जावयाचं चांगलं बघवत न्हाई, मी म्हणाले. ते न जेवता मेंढरांकडं गेले.

१४ ऑगस्ट, गुरु.
दुपारी जीप आली. औषध खात्याचे साहेब, सोबत पोलीसबाई. सरळ कणगीमागं गेले. कुठं बघायचं ते सांगूनच कुणीतरी पाठवलं होतं.
साहेब म्हणाले, "तुमच्या जावयाच्या दुकानात गोळ्यांचा हिशेब लागत न्हाई. त्याचं म्हणणं हाय, तुम्ही दुकानातनं न विचारता माल आणला. तुम्हाला सवय लागलीय म्हणे."
मी म्हणाले, काय? साहेब परत तेच म्हणाले. सगळी गल्ली दारात. बचत गटाच्या बाया पण. मी त्यांची अध्यक्ष. एकीनं पदर तोंडाला लावला.
खोकी नेली. माझ्या उशाची पाकिटं पण नेली. जावईबापूंना फोन लावते, उचलत न्हाईत.

१६ ऑगस्ट, शनि.
गोळी न्हाई. घाम, हुडहुडी, नाक गळतंय, पाय अंथरुणात थांबत न्हाईत. ह्यांनी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई पोरीच्या वयाच्या. म्हणाल्या, "मावशी, ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची आधीपण परवानगी नव्हती. आता नियम कडक झालाय एवढंच. आणि ही एकदम बंद करायची नसते. देणाऱ्यानं सांगितलं न्हाई?"
न्हाई सांगितलं.
म्हंजे सवय लागलीय हे खरंच. लावली कुणी ते सोडून जावई खरं बोलला. ह्याचंच लई लागलं.

१९ ऑगस्ट, मंगळ.
लेक सुनीता आली, बाळाला घेऊन. मला वाटलं माझ्यासाठी आली. पाय चेपायला बसली. चेपता चेपता म्हणाली, "आई, तुझ्याच होत्या म्हण ना. तुझं वय बघून सोडत्याल. ह्यांना आत टाकलं तर दुकान गेलं, मी कुठं जाऊ?"
मी विचारलं, "खोकी इथं येणार, तुला ठाऊक होतं?"
ती बाळाचं टोपडं नीट करत बसली. टोपडं नीटच होतं.
परत विचारलं न्हाई. तिला दशम्या बांधून दिल्या. रडायचं होतं, ती असेपर्यंत आलं न्हाई.

२१ ऑगस्ट, गुरु.
आज बीडला जबाब. डॉक्टरीणबाई गोळी थोडी थोडी कमी करणार हायेत. पाय ठणकतोय पण उभी राहते.
सुनीताचा सकाळीच फोन. "आई, काय ठरवलंस?" मी म्हणाले, बाळाला ताप होता, उतरला का? उतरला म्हणाली. मागं जावयाचा आवाज आला, "काय म्हणती?"
हे म्हणाले, खरं सांग, घाबरू नको. मी विचारलं, खरं सांगितल्यावर लेक आपल्या दारात येईल का?
त्यांनी चपला घातल्या, म्हणाले, चल, गाडी चुकंल.