सतरा ग्रॅम

२६ सप्टेंबर १९६६, सोमवार
आलो एकदाचे! पालघरला उतरून बैलगाडीने शिरगावच्या रस्त्याला लागलो आणि पुढे खाजणाच्या बांधावरून पायी. दोन ट्रंका, जाळ्यांचं गाठोडं, रत्नाचा स्टोव्ह. घर म्हणजे बंद पडलेल्या मिठागराच्या मुकादमाची दोन खोल्यांची कौलारू जागा. मागे मिठाचे कोरडे वाफे, पुढे खाडी. भरतीला पाणी ओट्यापासून वीस पावलांवर येतं. ओहोटी लागली की नजर पोचेल तिथवर चिखल, आणि त्या चिखलावर पाखरंच पाखरं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं भुसा भरलेले पक्षी पुसले. ते जिवंत, हजारांनी, दारात उतरलेले बघून मी ओट्यावर उभा राहून चक्क टाळी वाजवली. रत्ना माझ्याकडे बघतच राहिली.

मदतीला धर्माजी आहे. साठीचा मांगेला कोळी, जन्म या खाडीवर गेलेला. जाळं लावण्यात त्याला मी काय शिकवणार! बांबू कुठे रोवायचे ते त्यानेच मला दाखवलं.

२९ सप्टेंबर
कामाची घडी बसली. पहाटे जाळी उघडतो. उजाडताना धोबी पक्ष्यांचे थवे वाफ्यांतल्या गवतातून उठतात आणि केसासारख्या बारीक दोऱ्यांत अलगद अडकतात. मग एकेक सोडवून कापडी पिशवीत घालायचा, पिशवी काट्याला टांगून वजन घ्यायचं, पायात अॅल्युमिनियमचं कडं घालायचं, नंबर वहीत लिहायचा आणि मूठ उघडायची. पाखरू उडून जातं. पुढे कधी कुणाला सायबेरियात नाहीतर अफगाणिस्तानात ते सापडलं तर तो माणूस कड्यावरचा पत्ता बघून आम्हाला पाठवणाऱ्या मुंबईच्या संस्थेला पत्र लिहील, आणि कळेल की हा एवढासा जीव कुठून कुठे गेला. पिवळ्या धोब्याचं वजन साधारण सतरा ग्रॅम. एका पोस्टाच्या पाकिटापेक्षा थोडं जास्त.

नंबर लिहायला रत्ना बसते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. आज एका चिखल्याने माझ्या अंगठ्याला चोच मारली तर ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

ते एकदा लिहून टाकतो. मागच्या ऑक्टोबरात आमची ठमी गेली. साडेपाच वर्षांची होती. घटसर्प. मी तेव्हा अशाच कामावर काठेवाडात एका तळ्यावर होतो. तार सहा दिवसांनी मिळाली. घरी पोचलो तेव्हा रत्ना अंगण झाडत होती. तिने केरसुणी ठेवली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या दिवसांबद्दल तिने मला काही सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही.

म्हणून या वेळी तिला बरोबर आणली.

४ ऑक्टोबर
रत्ना आता पाखरं सोडायलाही शिकली. सोडण्याआधी ती मूठ तोंडाशी नेते आणि काहीतरी पुटपुटते. आज मी विचारलं. ती सहज म्हणाली, ठमीचं नाव सांगते. एवढ्या लांब जातात, एवढा मुलूख बघतात, कुठे दिसली तर ओळखतील.

मी पुढची पिशवी उघडली.

धर्माजीने मात्र ते ऐकलं. हातातले बांबू तिथेच टाकून तो रत्नासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाय, गेलेल्याचं नाव पाखराला सांगू नुको. ते घेऊन जाते, मंग परत येते मागाया." काय मागायला, ते सांगेना. दुपारी न जेवताच घरी गेला. म्हाताऱ्यांच्या समजुती. रत्नाला यातून थोडं समाधान मिळत असेल तर मी तिला थांबवणार नाही.

९ ऑक्टोबर
एक विचित्र गोष्ट. कडं घातलेली पाखरं पुन्हा जाळ्यात सापडतात, त्यात नवल नाही. पण आज एक धोबी सापडला, ४ तारखेला कडं घातलेला. तेव्हा सतरा ग्रॅम भरला होता, आज अकरा. पाखरू आजारी असेल म्हणावं तर पिसं तुकतुकीत, छाती भरलेली. त्यामागून आणखी तीन तसेच. काटा बिघडला असेल म्हणून पहिल्या दिवशी तोलून ठेवलेली धर्माजीच्या जाळ्याची शिशाची गुंडी टांगून पाहिली. काटा बरोबर आहे.

चौघांच्या नोंदी काढल्या. चौघेही रत्नाने सोडलेले.

१२ ऑक्टोबर
सकाळी पुन्हा तोच पहिला धोबी. पिशवी काट्याला लावली. काटा रिकाम्या पिशवीच्या वजनावरच थांबला. पिशवीत बघितलं, पाखरू होतं, डोळा चमकत होता. माझीच चूक झाली का, म्हणून पुन्हा केलं. मग त्याला तळहातावर ठेवलं. माझ्या हातावर काहीच नव्हतं. बोटं मिटली तर पिसं लागत होती, ऊब लागत होती, पण भार म्हणून काही नाही. मी मूठ उघडली. त्याने पंख मारले नाहीत. वाऱ्याबरोबर तसाच, बसल्यासारखा, वर गेला आणि खाडीकडे वाहत गेला.

रत्नाला म्हटलं, आता नाव सांगणं बंद. ती म्हणाली, आता सांगावं लागत नाही, तीच बोलवते. ओहोटीला चिखलावरून स्पष्ट ऐकू येतं म्हणे.

मी कान देऊन उभा राहिलो. पाखरांचा कालवा, बाकी काही नाही.

१४ ऑक्टोबर, अमावास्या
आज मोठी ओहोटी. सकाळी सातच्या सुमारास रत्ना दिसेना म्हणून ओट्यावर आलो. ती चिखलात होती. बांधापासून पाचशे पावलं तरी आत, पांढऱ्या पातळात, सावकाश चालत. त्या चिखलात धर्माजी फळीशिवाय उतरत नाही. मी हाका मारत धावलो आणि विसाव्या पावलाला कमरेपर्यंत गेलो. खालून कुणी धरावं तसा चिखल पाय सोडेना. धर्माजीने फळी टाकून मला ओढून काढलं.

रत्ना आपण होऊन परत आली. मला असं चिखलाने माखलेलं बघून तिने पदराने माझं तोंड पुसलं. तिची पावलं कोरडी होती. मी मागे पाहिलं. ती ज्या वाटेने आली तिथे चिमणीच्या नखाएवढासुद्धा ठसा नव्हता.

धर्माजीने मला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्याची पहिली बायको नवसी. त्यांचा मुलगा खाडीत बुडाला तेव्हा ती पकडलेल्या पाखरांच्या कानात त्याचं नाव सांगायची आणि सोडून द्यायची. पंधरा-वीस दिवसांत तीही अशीच हलकी झाली. धर्माजीने तिला घरातल्या खांबाला बांधून ठेवली. सांगताना त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "दोरीनं बांदली मी तिला, मास्तर. सकाळी दोरी होती तिथंच. गाठ पन सुटली नव्हती."

१५ ऑक्टोबर
मागच्या खोलीत मिठाची पोती तोलायचा जुना तराजू टांगलेला आहे. रत्नाला त्याच्या पारड्यात बसायला सांगितलं. लहान मुलीसारखी बसली, साखळ्या धरून. दुसऱ्या पारड्यात दोन किलोचं माप ठेवलं.

रत्ना वर गेली.

ती माझ्याकडे बघून ओशाळं हसली. मी तिला उचलून खाली घेतलं. बारा वर्षांपूर्वी लग्नाच्या मांडवात हिचा हात हातात आला होता तेव्हा तो शेतात राबलेला, जड, गरम हात होता. तो आठवला आणि मला रडू आवरेना. जाळी सगळी उतरवली. वही बंद केली. उद्या इथून जायचं.

१६ ऑक्टोबर
जाता आलं नाही.

शिरगावच्या रस्त्यावर समुद्राचं वारं असतं म्हणून धर्माजीने आतल्या वाटेने उमरोळी स्टेशनवर नेलं. मी रत्नाला घोंगडीत गुंडाळून घट्ट धरलं होतं. गाडीला अर्धा तास होता. फलाटावर आम्ही तिघं आणि तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर निघालेले चार-पाच हिंदी बोलणारे मजूर. तेवढ्यात न थांबणारी मेल आली. तिच्या वाऱ्यासरशी घोंगडी माझ्या हातात राहिली आणि रत्ना गेली. पत्रावळ उडावी तशी. डबे धडधडत जात होते आणि ती डब्यांच्या टपाच्याही वर होती, आणि मला तिच्या पदराचं टोक तेवढं सापडलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं, धर्माजीने मला धरलं. गाडी गेल्यावर ती हळूहळू खाली आली.

मजुरांतला एकजण ‘राम, राम’ म्हणत मागे मागे सरकत गेला. कुणी जवळ आलं नाही.

उघड्यावर तिला न्यायची आता हिंमत नाही. परत या घरात आणली. दारं-खिडक्यांना फळ्या ठोकल्या. धर्माजी तारापूरला गेला आहे, बांधकामावरची एखादी बंद गाडी मिळते का बघायला. त्याचा भाचा तिथे कामाला आहे.

१७ ऑक्टोबर
धर्माजी नाही आला. वारा फिरला. आता डोंगराकडून खाडीकडे वाहतो.

तिला बांधणार नाही. हात धरून बसलो आहे. डाव्या हातात तिचं मनगट, उजव्याने हे लिहितो. लिहीत राहिलो नाही तर डोळा लागेल. सकाळी एकदा लागला. जाग आली तेव्हा माझा हात ताणून वर गेला होता. ती आढ्याखाली होती. मनगट सुटलं नव्हतं, एवढंच.

ती घाबरलेली नाही. मलाच धीर देते. तुम्ही खाऊन घ्या म्हणते.

१८ ऑक्टोबर, सकाळ
अजून कुणी नाही.

वाऱ्याने कौलं वाजतात. ती म्हणते, ऐका, ऐका, बाबा म्हणतेय. मी श्वास धरून ऐकतो. मला ऐकू येत नाही. रत्ना, मला काहीच ऐकू येत नाही — एकदा तरी — मी तिचा बाप आहे —

तिच्या मनगटाभोवती माझी बोटं मिटली आहेत. हाताला फक्त ऊब लागते.

१८, दुपार
तिने सांगितलं. वर्षानंतर. मी विचारलं नव्हतं, तरी.

शेवटच्या दिवशी ठमीला बोलता येत नव्हतं. घसा बंद झाला होता. तरी बोटाने दाराकडे दाखवून विचारायची, बाबा? रत्ना तिला सांगायची, आले हं, स्टेशनवर उतरलेत, टांग्यात बसलेत. दिवसभर हेच सांगत राहिली. आता चौकात आले. आता गल्लीत. ठमी दाराकडे बघत राहिली. बघतच —

रत्ना म्हणते, "मी तुमच्यावर रागावले नाही हो. पण मी तिच्याशी खोटं बोलले. पोर अजून दाराकडे बघत बसली असेल. तिला कुणीतरी सांगायला नको?"

मी म्हटलं, मी जातो. मी सांगतो. मला जाऊ दे.

ती म्हणाली, तुम्ही कसे जाल? तुम्ही बुडाल.

१८, चार वाजता असतील
वारा वाढला. खिडकीची एक फळी निघाली. उजेड आला. बाहेर ओहोटी लागली आहे, कडेचा चिखल चमकायला लागला — पाखरं उठली आहेत, सगळी एकदम —

तिचे पाय जमिनीला नाहीत. मी खाटेच्या खुराला पाय अडकवून बसलो आहे.

लांब गाडीचा आवाज. बांधावर? धर्माजी असेल. देवा, धर्माजी असू दे.

ती विनवते आहे. सोडा हो. एवढं सांगून येते. ती रडते आहे, अश्रू खाली पडत नाहीत, वर —

दुसरी फळी गेली —

रत्ना, थांब. गाडी आली बघ. थोडं थांब. एका हाताने तू आता मला धरवत नाहीस. लिहिणं सोडून दुसरा हात