झाकण काढलेला फोटो

१५ जानेवारी १९७४, सांगली

आजपासून टेबल-खुर्ची! सहा वर्षं ड्रॉइंग बोर्डाशी उभं राहून पाय सुजवले. काल तिळगूळ देताना मालक जवाहरशेठ म्हणाले, मळणी यंत्राचं माहितीपुस्तक तू लिही नाथाजी, इंजिनिअरांचं मराठी शेतकऱ्याला झेपत नाही. तीन महिने बघणार, मग कायम.

लोणंदला राहीला पत्र टाकलं. तिच्या सासरी लिहिता-वाचता येणारी ती एकटीच, त्यामुळे भावाच्या लिहिण्याचं कौतुक जरा जास्तच!

२ फेब्रुवारी

फोटो काढले. आतला ड्रम दिसेना, म्हणून कणसं घालायच्या तोंडावरचं पत्र्याचं झाकण उतरवलं. हात ड्रमपर्यंत जाऊ नये म्हणून असतं ते. फोटो झकास आला. ‘झाकण बसवूनच यंत्र चालवावे’ हे सातव्या पानावर घातलंय.

१९ फेब्रुवारी

पाचशे प्रती आल्या. आधी वास घेतला, मग उघडलं.

४ मार्च

शिराळ्याकडे गेलो होतो, गिऱ्हाइकांची यंत्रं बघायला. आकाराम नावाच्या शेतकऱ्याकडे झाकणच नाही — गोठ्यात खुंटीला टांगलेलं! का, विचारलं तर म्हणाला, "फोटूत कुटं हाय? कंपनीनंच काढलंय न्हवं."

त्याला वाचता येत नाही. माझ्या पुस्तकाचं तिसरं पान खांबाला चिकटवून, फोटोबरहुकूम एकेक नट आवळला होता त्यानं. मी स्वतः झाकण बसवून दिलं. जीप वळताना मागं बघितलं, तर तो परत काढत होता.

पाचशे प्रतींत आहे हे पान.

५ मार्च

मालकांना म्हटलं, चिठ्ठी छापून सगळ्यांना पाठवू. ते म्हणाले, आपणच चूक कबूल केली तर विक्री बसेल, पुढच्या आवृत्तीत बघू. मग चहा सरकवत म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुझं कायमचं आहे ना?"

चहा प्यायलो. नेभळटपणा, दुसरा शब्द नाही!

६ मार्च

चिठ्ठीचा मजकूर लिहून खणात ठेवला.

१८ मार्च

राहीचं पत्र. दाजींनी यंत्र घेतलं — आमचंच! ‘दादा, तुझं पुस्तक बघूनच घेतलं. फोटोचं पान ह्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावलंय, अगदी तस्संच जोडलंय सगळं. सातव्या पानाचं मी बोलले, तर म्हणाले, तुझ्या भावानं काढलेला फोटो खोटा असंल व्हय? गव्हाच्या पेंढ्या मीच घालते.’

तिचं ते उजवीकडे कललेलं, नीटनेटकं अक्षर. दोनदा वाचलं. पळत जाऊन तार केली, झाकण बसवा म्हणून. तार लोणंदला लवकर पोचेल, पण तिथून वस्तीवर कोण कधी नेणार?

१९ मार्च

उत्तर नाही. रजा मागितली. मालक म्हणाले, शनिवारपासून जा. मी ‘बरं’ म्हणालो. बरं! आज मंगळवार. कुणी धरून ठेवलं होतं मला?

२२ मार्च

राहीचं पत्र आलं. अक्षर तिचं नाही, तिथल्या शाळामास्तरांचं. माझी नोकरी कायम झाली का, विचारलंय. खाली सही तिचीच — वाकडीतिकडी, डाव्या हातानं केलेली.