सहाव्या दरवाजाचा पहारेकरी

निजामपुरा, बडोदे
कोजागरीनंतरचा पहिला रविवार

ती. मृदुलाताईस,
केयूरचा मान खाली घालून नमस्कार. (एरवी मी पत्रात नमस्कार लिहितो तेव्हा पंख्याखाली लोळत असतो. या खेपेला खरोखरच मान खाली आहे, म्हणून ओळी तिरक्या जाताहेत.) तुझी तब्येत कशी आहे? काकूंचा गुडघा काय म्हणतो? इकडे आई मजेत, मीही मजेत, फक्त जरा कमी जेवतो आहे, त्याचं कारण पुढे येईल. ताई, तू सलग दोन वर्षं भाऊबीजेला आली नाहीस. पहिल्या वर्षी आरक्षण मिळालं नाही म्हणालीस, दुसऱ्या वर्षी काम होतं म्हणालीस, आणि मी दोन्ही वेळा विश्वास ठेवून तुझ्या वाटणीच्या करंज्याही खाल्ल्या. गेल्या महिन्यात कळलं की तू येत नव्हतीस ती माझ्यामुळे. या वर्षी तरी तू यावंस म्हणून हे पत्र. त्यासाठी जे जे कबूल करायचं, ते सगळं कबूल करायला बसलो आहे.

तुला माहीत आहेच की ‘सात दरवाजे’ हा व्हिडिओ गेम आला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, नोकरी नव्हती आणि अंगठे चपळ होते. शेवटी सातवा दरवाजा उघडता उघडता पडद्यावर ‘दुसरा वेढा लवकरच’ अशी अक्षरं आली आणि मी खुर्चीतून उठलोच नाही, की लवकरच येतोय तर कशाला उठा. त्यानंतर तीन वर्षांनी कंपनीनं दुसऱ्या भागाची रीतसर घोषणा केली, आणि तिथून पुढे अकरा वर्षं तारीख पुढे जात राहिली. तेवढ्यात मला बडोद्याजवळच्या सावली गावातल्या कारखान्यात नोकरी लागली, दोनदा चष्म्याचा नंबर बदलला, पोट सुटलं. मी त्या पुण्याच्या कंपनीला त्रेचाळीस पत्रं लिहिली. ईमेल नव्हे, कागदावर, कारण ईमेल पुसून टाकता येतो असा माझा हिशेब. खाली सही ‘एक बारगीर, बडोदे’. (आपल्या पणजोबांनी सरकारी घोड्यावर बसून काय पराक्रम केला ते घरात कुणालाच ठाऊक नाही, पण मी त्यांचं पद वापरून पुण्यातल्या लोकांना शिव्या दिल्या एवढं खरं.) काकू नेहमी सांगायच्या की मृदुला ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे. मी समजायचो, विमा वगैरे. त्या कंपनीत बसून माझी पत्रं फोडणारी तूच असशील हे माझ्या डोक्यात कधीच आलं नाही.

आता कार्डाचं सांगतो, कारण खरी जखम तिथेच आहे. आमचं बडोद्यात सात जणांचं ‘दुसरा वेढा प्रतीक्षा मंडळ’ आहे. अध्यक्ष दत्ताजीराव, वय एकाहत्तर, रेल्वेतून निवृत्त, राहणार नागरवाडा. खजिनदार तन्मय, ज्याचं आमच्या कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान आहे. (खजिना नाही, पण त्याला पद हवं होतं.) दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात कंपनीनं पाचव्यांदा तारीख पुढे ढकलली तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हा खेळ मेला, आपण त्याचं दहावं करू. सगळे हसले, आणि लोक हसले की मला थांबता येत नाही हे तू लहानपणापासून पाहतेस. मी रीतसर उत्तरक्रियेचं कार्ड छापून घेतलं. छापखान्यातल्या केतनभाईनं विचारलं, ‘कोण गुजरी गयुं, केयूरभाई?’ तर मी गंभीर चेहरा करून म्हणालो की जवळचंच होतं. कार्डावर ‘दुःखद निधन’ या शब्दांखाली खेळाचं नाव टाकलं आणि तेवढ्यानं भागेना म्हणून पुढे ‘व त्याचे समस्त लेखक’ असंही जोडलं. एक प्रत कंपनीच्या पत्त्यावर पाठवली. लेखकांपैकी एकीला मी दर भाऊबीजेला पाट मांडून देतो हे मला माहीत नव्हतं, पण माहीत नसलं तरी असं कुणाबद्दल छापायचं नसतं. हे कळायला मला सदतीस वर्षं लागली. ताई, ते कार्ड वाचून फाडलंस ना? तसली पत्रं घरात ठेवत नाहीत.

दहावं मात्र आमच्या अंगाशी आलं. दत्ताजीरावांच्या गच्चीवर कणकेचा पिंड ठेवला, शेजारी माझा जुना कंट्रोलर, आणि आम्ही सात जण लांब जाऊन उभे राहिलो. कावळे पाच-सहा होते, पण एकही शिवेना. अर्धा तास गेला, ऊन चढलं, तन्मयला दुकान उघडायचं होतं. शेवटी दत्ताजीराव गंभीर झाले. म्हणाले, ‘मृताची काहीतरी इच्छा राहिली आहे. कबूल करा.’ मग एकेकानं हात जोडून कबूल करायला सुरुवात केली. तन्मयनं चोरीचे खेळ विकणार नाही म्हणून सांगितलं. (ते विकतो हे आम्हाला तेव्हा कळलं.) कावळा ढिम्म. माझी पाळी आली तेव्हा मला भूक लागली होती, म्हणून मी घाईत बोलून गेलो की बरं, लिहिणाऱ्यांना पुन्हा शिव्या देणार नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर. एकदम सगळ्यांचं हसणं बंद झालं. एकानं काढलेला फोटोही नंतर तुमच्या कंपनीकडे गेला, त्यात बनियन घालून तोंड वासलेला जो गृहस्थ आहे तो मी, हे तू ओळखलंच असशील.

त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, म्हणजे या ऑगस्टमध्ये, खेळ खरंच आला. मंडळाचं ठाम मत आहे की कावळ्यामुळे आला. मी ताप आल्याचं सांगून तीन दिवस रजा टाकली. पहिल्या दिवशी मंडळातले सगळे आनंदानं रडवेले झाले होते, दुसऱ्या दिवशी सगळे खवळले. घोडा बारीक केला आहे, नायक म्हातारा केला आहे, जिना चढताना त्याला दम लागतो, हे काय आहे म्हणून तन्मय दुकानात गिऱ्हाईकांवर ओरडत होता. दत्ताजीरावांची तक्रार एवढीच की अक्षरं बारीक आहेत. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, की आता हा सुरू होईल. आणि मी कावळ्याला शब्द देऊन बसलेला, दातओठ खात ‘ठीक आहे, बरा आहे’ म्हणत होतो. मला तर दम लागणारा नायक आवडलाही होता, पण हे बोलायची चोरी.

मग सगळे सहाव्या दरवाजापाशी पोचले आणि भांडण थांबलं. तिथे तो पोट सुटलेला पहारेकरी. भाल्याच्या टोकानं डावा कान खाजवतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनावतो, ‘अजून किती दिवस? आम्ही काय अमर आहोत?’ दत्ताजीरावांनी मला फोन करून सांगितलं, ‘केयूरराव, तुम्ही खेळात आहात.’ मी बघितलं. वाक्य माझं होतं, एकोणिसाव्या पत्रातलं. कान खाजवायची खोडही माझीच. साऱ्या देशात लोक खेळाला नावं ठेवताहेत, पण या पहारेकऱ्यावर जीव टाकताहेत, त्याचे आवाज काढताहेत, आणि मी रोज कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत माझीच वाक्यं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो, आणि डबा अर्धा तसाच परत आणतो. तन्मयनं शेवटची नामावली दाखवली, तिथे लिहिलं होतं, ‘संवाद : मृदुला माने’. तेव्हा सगळं एकदम कळलं. मी दुकानातल्या स्टुलावर बसलो आणि मला रडू आलं. मी तुझं मरण छापलं आणि तू मला सगळ्यांचं लाडकं करून ठेवलंस. ताई, माझं चुकलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे चव्वेचाळिसावं पत्र, आणि पहिलंच माझ्या स्वतःच्या नावानं. भाऊबीजेला ये. आल्यावर दोन थोबाडीत मार, पण ये.

तुझा चुकलेला भाऊ,
केयूर

ता. क. आईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं तू माझ्या लग्नाच्या विषयामुळे येत नाहीस. तसंच वाटू दे.

आणखी ता. क. नामावली मला तन्मयनं का दाखवावी लागली, असा प्रश्न तुला पडला असेल. मी अजून सहाव्या दरवाजाच्या बाहेरच आहे. मंडळातले सगळे आत गेले, दत्ताजीरावसुद्धा. त्यांचं म्हणणं, पहारेकऱ्याशी लढायचं नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही, अकरा मिनिटं एकही बटण न दाबता उभं राहायचं, मग तो आपला आपण बाजूला होतो. मला आत्तापर्यंत जास्तीत जास्त दोन मिनिटं जमलं. तेव्हा भाऊबीजेला ओवाळून झालं की माझे दोन्ही हात धरून अकरा मिनिटं माझ्याशेजारी बसशील का? मला एकट्यानं वाट बघता येत नाही, ताई.