पाळण्यातले कांदे

मी धुरपता, तानबाची विधवा, वय अंदाजे पासष्ट, राहणार हिंगणी, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य मी तीनदा वाचून घेतलं, कारन माह्या दिराचा, डोमाजीचा, डोळा याच वाक्यावर आहे.

मले मूल झालं नाई. बारशात बायका पाळण्याले हात लावू देत नाई. ते सोसलं. पन मागच्या वर्सी शेजारच्या हरिदासनं, नागपूरले कॉलेजात शिकते तो, मासिकात गोष्ट छापली. तिच्यातली वांझ बाई रिकामा पाळणा हालवते, येडी होते अन् विहिरीत जीव देते. तवापासून डोमाजी ते मासिक पिशवीत घेऊन हिंडून राह्यला. "वैनी येडी आहे, छापून आलं," म्हनते.

हरिदासले बोलावलं.

"काकू, ते गोष्ट होय. तुमी नाई."

"पाळणा कोनाचा होता रे?"

"तुमचाच. लहानपनी खिडकीतून पाह्यलता."

"त्यात कांदे होते. हवा लागावी म्हनून हालवत होती. कांदे काऊन काढले?"

"ठेवले असते तं लोक हासले असते, काकू."

म्हनून हे त्याच्याच हातानं लिहवून घेत आहे.

१. घर मी कापसाच्या जिनात वीस वर्सं राबून घेतलं, खरेदीखत माह्या नावाचं. ते गल्लीतल्या कौसल्याबाईले. नातीच्या बारशाले तिनं मले पाळण्याजवळ बसवलं, पोरीच्या कानात नाव मीच सांगितलं. माह्या लोनच्याच्या बरनीवर तिची नजर आहे. तरी तिलेच.

२. डोमाजीनं मले दत्तक म्हनून आनलेला पोरगा बत्तीस वर्साचा. मिशा पिळत म्हने, "माय, चहा ठेव." त्याले काई नाई. डोमाजीले विहिरीचा दोर. पानी काढाले, बाकी कायले नाई. तो आजकाल रोज दूध पाठवते. आधी मांजर पेते, मंग मी.

३. पाळणा, कांद्यासकट, कौसल्याबाईच्या नातीले. हरिदासले काई नाई, साक्षीदाराले देता येत नाई म्हने. त्यानं आधीच घेतलं.

४. मी विहिरीत सापडली, तं स्वताहून गेली नाई असं समजजो. गोष्ट कोनीबी वाचू शकते.

हिंगणी, २ मे १९५७.
धुरपताबाईचा डाव्या हाताचा अंगठा.

आमच्यासमोर अंगठा केला:
बाबाराव, शाळामास्तर. सही.
हरिदास. सही. बाई पूर्ण शुद्धीवर आहे. पाळण्यात कांदे होते. मी पाह्यले होते.