गालिच्यावरचा राजा शिराजला गेला, त्याची हकीकत

आदरणीय खोदादाददादा यांस, धाकट्या चुलतभावाचा, नौरुजअलीचा, मनापासून सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल (गुलअंदाम आठ दिवस माझ्याशी बोलत नाही, तेवढं सोडून). डाळिंबं यंदा झकास धरलीत.

आपल्या कड्यावर कोरलेला राजा बघायला एक परदेशी प्रोफेसर आला होता. अकरा दिवस आमच्याकडेच उतरला. फार सज्जन माणूस. तुम्ही-आम्ही त्या कड्याखाली शेळ्या राखत मोठे झालो, पण राजाच्या अंगरख्याची एकेक चुणी कुणीतरी सतराशे वर्षांपूर्वी छिन्नीने काढली, हे त्याने दाखवलं तेव्हा कुठे मला दिसलं. एका हातातली तलवार सिंहाच्या छातीत, दुसऱ्या हातात राणीचं मनगट! खरं सांगतो दादा, डोळे भरून आले.

निघायच्या दिवशी त्याची नजर गालिच्यावर पडली. तोच राजा, तोच सिंह, तीच राणी. गुलअंदामने दोन हिवाळे बसून विणलेला, आमच्या लेकीच्या, माहपाराच्या रुखवतातला. लग्न पुढच्या महिन्यात. त्याने तोंडभरून स्तुती केली. पाहुण्याने वस्तू वाखाणली की आपण म्हणतो तेच मी म्हणालो, "आपलाच आहे, घेऊन जा." आणि थांबलो. तो नको म्हणणार, मी आग्रह करणार, तिसऱ्या नकाराला मी हळहळत गप्प बसणार. तर हा गृहस्थ एकदाही नको म्हणाला नाही! (फारसी पुस्तकातून शिकलाय.) मला मिठी मारली आणि गालिचा गुंडाळला. मोटारीपर्यंत एक टोक मीच धरलं होतं.

गुलअंदाम तेव्हा एवढंच बोलली, "त्या दगडातल्यानं सिंह अंगावर आला तरी बायकोचा हात सोडला नाही. तुमच्याकडे नुसता पाहुणा आला!" खरं आहे तिचं. तिच्यासारखा गालिचा अख्ख्या मुलखात कुणी विणत नाही, आणि हे मी तिला आजवर कधी सांगितलं नाही.

बाकी ठीक.

तुमचा,
नौरुजअली

ता. क. प्रोफेसर शुक्रवारपर्यंत शिराजलाच आहे, तुमच्या गल्लीच्या टोकाच्या मुसाफिरखान्यात. सहज म्हणून जा आणि तोंड दुखेपर्यंत गालिच्याची स्तुती करा. निरोप घेताना त्याने विचारलं होतं, माझी वस्तू कुणी वाखाणली तर मी काय म्हणायचं? मी सांगून ठेवलंय. तो "आपलाच आहे" म्हणाला रे म्हणाला की उचला. एकदाही नको म्हणू नका!

आणखी एक. गुलअंदामने पत्र वाचलं आणि आठ दिवसांनी तोंड उघडलं. म्हणते, "दादांना कशाला पाठवताय? तेही तीनदा नको म्हणतील आणि वर अंगातला कोट काढून देऊन येतील. जाऊबाईंना पाठवा." तेव्हा दादा, आपण हे वाचलंच नाही असं समजून पत्र वहिनींच्या हातात द्या.